डिकीतला पखवाज

माझ्या गाडीच्या डिकीत वूफर आहे, असं मी कोणाला सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या टकलाकडे बघतो, मग खिशाला लावलेल्या पेनाकडे बघतो आणि विषय बदलतो. त्याचं काही चुकत नाही. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या माणसाच्या डिकीत फार तर एक छत्री असावी. पण वूफर मी घेतला नाही. तो गाडीबरोबर आला, आणि गाडी मी अण्णांसाठी घेतली. एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते नोंदवून घ्यावं.

अण्णा म्हणजे माझे वडील, विष्णुपंत. साखर कारखान्यात ऊस चिरडणाऱ्या रुळांशेजारी त्यांनी सगळी नोकरी काढली आणि निवृत्त होताना कान तिथेच ठेवून आले. आम्ही श्रवणयंत्र आणून दिलं. ‘उगाच बॅटरी संपते’ म्हणून ते त्यांनी डबीत घातलं आणि डबी कपाटात. तेव्हापासून कोणी काहीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, ‘बरं बरं.’ या ‘बरं बरं’पायी ते आमच्या सोसायटीचे अध्यक्ष झाले, आणि कोणाची तरी मांजर आमच्याकडे राहायला आली ती अजून गेलेली नाही.

एके काळी अण्णा गल्लीतल्या दत्तमंदिरात भजनी मंडळाला पखवाज वाजवायचे. डाव्या तोंडाला ओली कणीक थापून धुम काढली की मंदिराची घंटासुद्धा थरथरते, असं जुने लोक सांगायचे. पुढे ऐकू येईना, ठेका सुटायला लागला. एका एकादशीला मंडळींनी ‘पंत, आज जरा विसावा घ्या’ म्हणून पखवाज त्यांच्या मांडीवरून हलकेच उचलला. अण्णा म्हणाले, ‘बरं बरं.’ ते मात्र त्यांना नीट ऐकू आलं असावं, कारण पुन्हा ते मंदिरात गेले नाहीत. घरातही बोलणं जवळजवळ संपलं. जेवण आणि औषध एवढ्यापुरते ते आमच्यात असत.

त्यांना स्कूटरवरून दवाखान्यात नेणं धोक्याचं व्हायला लागलं, तेव्हा भार्गवी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, ‘एखादी जुनी गाडी बघा.’ पलूसच्या वीरधवल नावाच्या तरुणाची पांढरी छोटी गाडी मिळाली. मागच्या काचेवर ‘नादखुळा’ असं लिहिलेलं. खरवडलं तर ‘नाद’ निघेना आणि ‘खुळा’ निघेना. डिकी उघडली तर आत कपाटाएवढं काळं खोकं.

‘हे काढून घ्या,’ मी म्हणालो.

‘आवं सर, काडू नगा,’ वीरधवल कळवळून म्हणाला. ‘ह्यो डबा न्हाई, गाडीचं काळीज हाय. चौकात उभी क्येली तर पलीकडच्या दुकानाच्या काचा हालत्यात. लय जीव लावलाय ह्येला.’

मी गाडी थेट मेकॅनिककडे नेली. त्याने खोकं सोडवलं. मग मी हॉर्न दाबला तर वायपर हलले, आणि वायपर लावला तर आतला दिवा लागला. हॉर्न काही कुठल्याच बटणाला वाजला नाही. मेकॅनिक म्हणाला, ‘सगळी गाडी ह्या डब्यावरनं ववली हाय. काडायचं आसंल तर वायरिंग पैल्यापास्नं.’ बिनहॉर्नची गाडी सांगलीत चालवणं म्हणजे बिनखडूचा तास घेणं. खोकं परत बसलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांना मागे बसवलं आणि किल्ली फिरवली. वीरधवलने काय करून ठेवलं होतं देव जाणे, पण किल्लीबरोबर कुठलंसं वरातीचं गाणं फुटलं. पार्किंगचा पत्रा वाजू लागला आणि माझा चष्मा नाकावरून सरकला. बटण सापडेना. भार्गवी गॅलरीतून हातवारे करत होती. खालच्या मजल्यावरचे नाथाजी सुभेदार, तोफखान्यातून निवृत्त झालेले, बनियनवर धावत आले.

शेवटी बटण सापडलं आणि मी ओशाळून मागे वळलो. अण्णा ताठ बसले होते. डोळे मिटलेले, पाठ सीटला घट्ट टेकलेली, उजवा हात मांडीवर पडत होता.

‘बंद का केलंस?’ ते म्हणाले. ‘धुमाळीचा ठेका होता. चांगला वाजवत होता कोणीतरी.’

तो आवाज त्यांना कानांनी नाही, पाठीतून आणि बरगड्यांतून ऐकू आला होता. मला काय वाटलं ते सांगतो. रडू आलं. नाथाजी सुभेदार बनियनवर समोर उभे असताना रडणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी चष्मा पुसला.

त्या दिवसापासून वूफर काढायचा विषय संपला आणि वूफर वाजवायचा सुरू झाला. रोज शाळा सुटली की मी अण्णांना घेऊन हरिपूरच्या रस्त्याने संगमावर जायचो. वरातीच्या गाण्यांऐवजी भजनं लावली. आवाज मात्र वीरधवलच्या मापाचा, कारण त्याच्या खाली अण्णांच्या बरगड्यांना काही पोचत नव्हतं. जाता-येता अण्णा बोलायचे. किती बोलायचे! कारखान्याच्या गोष्टी, आईला बघायला गेले तेव्हाच्या गोष्टी. एकदा म्हणाले, ‘रुळांपाशी कानात कापूस घालून काही जण यायचे. आम्ही हसायचो त्यांना. बायकी म्हणायचो.’ आणि पुन्हा मांडीवर ठेका धरला.

रस्त्यावरच्या लोकांचं म्हणणं वेगळं होतं. माझे विद्यार्थी गाडी दिसली की सलाम करू लागले. भूगोलाने मला हे वैभव कधी दिलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी खोलीत बोलावून ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ असं हळुवार विचारलं. आणि एकदा हवालदारांनी गाडी अडवली. ते काचेपाशी येऊन बराच वेळ बोलले, आम्हा दोघांनाही काही कळलं नाही. अण्णांनी सवयीने ‘बरं बरं’ म्हटलं. हवालदारांना वाटलं, म्हातारा गुन्हा कबूल करतोय.

दंड भरून सुटका झाली नाही. आवाजाची तपासणी करून दाखला आणा, असा हुकूम निघाला. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण अजून पुष्कळ कामं पडतात. तिथे गेलो तर आवाज मोजायचं यंत्र गणपतीच्या बंदोबस्तासाठी साताऱ्याला गेलेलं. यंत्र आलं तेव्हा ते चालवणारे साहेब साताऱ्याला गेलेले. दोघेही एकदाचे एका छपराखाली आले तेव्हा यंत्रात सेल नव्हते. साहेब वैतागून म्हणाले, ‘हॉर्न वाजवा.’ मी वाजवला. त्यांनी मान डोलावली आणि ‘आवाज समाधानकारक’ असा शिक्का मारून दिला. असा शेरा मला शाळेतसुद्धा कोणी दिला नव्हता.

त्याच सुमारास आमच्या घरातला कुकर अवेळी शिट्ट्या द्यायला लागला. मी उठून गॅस बंद करायला जायचो, तर शेगडीवर कुकरच नसायचा. भार्गवी कमरेवर हात ठेवून बघत राहायची. शिट्टी माझ्या कानात होती. ती झोपेतही चालायची, वर्गातही. मागच्या बाकावरची मुलं उत्तर देताना नुसते ओठ हलवतात असं वाटून मी एकाला थट्टा केल्याबद्दल उभं केलं. तो बिचारा कर्कवृत्त कुठून जातं ते अगदी बरोबर सांगत होता.

सल्ले सुरू झाले. नाथाजी म्हणाले, ‘सर, आमच्या तोफखान्यात बी फायरच्या टायमाला कान झाकायचा हुकूम असतोय. तुमी त्या तोफंच्या नळीतच बसताय!’ हे ऐकून मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण ते लगेच पुढे म्हणाले, ‘लसणाचं तेल कोमट करा आन सोडा कानात. एकदम क्लिअर.’ तेलाने कान क्लिअर झाला नाही, शर्टाची कॉलर मात्र गेली आणि वर्गात पहिल्या बाकावरच्या मुली नाक धरून बसू लागल्या. तळमजल्यावरच्या हरणाबाईंनी दृष्ट काढली. मग मी कापसाचे बोळे घालून गाडी चालवली, तर मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरचा हॉर्न ऐकू आला नाही आणि आम्ही रस्त्याकडेच्या चरात उतरलो. अण्णा म्हणाले, ‘आज समेवर जोरात आलास.’ भार्गवीने बोळे कचऱ्यात टाकले.

माझ्या डोक्यातून एक युक्ती निघाली, तिचा मला अजूनही थोडा अभिमान आहे. संगमावर गाडी उभी करायची, अण्णांना आत बसवायचं, वूफर लावायचा आणि आपण लांब चिंचेखाली जाऊन बसायचं. पहिल्याच दिवशी दार उघडलं आणि अण्णांनी हाका मारल्या. ‘सुमंत! अरे कुठं गेलास? एकट्यानं कसलं भजन? भजनाला टाळकरी नको?’

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून आणली ती टाळांची जोडी. आईच्या हातातले टाळ, पितळी, खणखणीत. त्यांनी मला मागच्या सीटवर आपल्या शेजारी बसवलं, टाळ हातात दिले, आणि धूळ येते म्हणून काचा वर करायला सांगितल्या. पाठीमागे वूफर, शेजारी अण्णा, हातात टाळ, सगळं बंद. मी टाळ जरा हळू वाजवले की ते माझ्या हातांकडे बघून म्हणायचे, ‘जीव नाही का रे हातात?’

शेवटी भार्गवीने मला मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. एका काचेच्या खोलीत बसवून त्यांनी कानावर यंत्र चढवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी सतत बटण दाबत होतो. डॉक्टर बाहेरून येऊन म्हणाले, ‘अहो, अजून मशीन सुरूच केलं नाही.’

‘कारखान्यात आहात का?’ त्यांनी तपासून झाल्यावर विचारलं.

‘शाळेत.’

‘मग एवढा आवाज कुठला?’

‘भजनाचा,’ भार्गवी म्हणाली. डॉक्टरांना वाटलं, बाई थट्टा करताहेत. मग तिने सगळं सांगितलं. बंद काचेतल्या टाळांपर्यंत आली तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘हे बघा सर, कानात आत केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत.’

गेलेले केस परत येत नाहीत, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

‘गेलं ते गेलं,’ ते म्हणाले. ‘उरलंय ते तरी सांभाळा. माणसाचं हळू बोलणं आधी जातं. ते गाणं आजपासून बंद.’

परत येताना भार्गवी गाडीत एक शब्द बोलली नाही. निदान माझी तशी समजूत आहे.

मी दुसऱ्या दिवशी आवाज निम्मा केला. अण्णा पाठ टेकून वाट बघत बसले. मांडीवरचा हात उचलला होता, तो तसाच राहिला. थोड्या वेळाने म्हणाले, ‘कणीक वाळली वाटतं.’ पखवाजाची कणीक वाळली की धुम निघत नाही. मग ते बाहेर बघत राहिले आणि घरी येईपर्यंत बोलले नाहीत. रात्रीही नाही, सकाळीही नाही. मांडीवरून पखवाज उचलणाऱ्या मंडळींत आता मीही जाऊन बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी मी बटण पूर्वीच्या जागी फिरवलं. भार्गवीला सांगितलं नाही. यात पितृभक्ती वगैरे काही नव्हतं, कृपा करून तसं समजू नका. अण्णा माझ्याशी बोलत होते आणि ते बोलणं मला हवं होतं. ऐकायला काय लागतं याचा हिशोब मी नंतर करणार होतो.

त्यानंतर अण्णांनी फार दिवस घेतले नाहीत. थंडीत ताप आला, छाती भरली, आणि डॉक्टर म्हणाले, आता घरीच असू द्या. त्या दुपारी भार्गवी औषध आणायला गेली होती. मी कॉटजवळ बसलो होतो. अण्णांनी डोळे उघडले आणि माझा हात धरला.

ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात. अण्णांनी तर मीठ मागितलं तरी नाथाजी खालून मीठ घेऊन यायचे. त्या दुपारी मात्र ते हळू बोलले. त्यांच्या अंगात जोरच नव्हता. माझ्याकडे बघत, एकेक शब्द जुळवत, ते चांगली चार वाक्यं बोलले. मी वाकलो. आधी डावा कान पुढे केला, मग उजवा. दोन्हीकडे कुकर होता. ओठ हलत होते आणि मला शिट्टीशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

ते थांबले आणि उत्तराची वाट बघू लागले.

मी म्हणालो, ‘बरं बरं.’

त्यांनी ते ओठांवरून वाचलं असावं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. माझा हात दाबला, डोळे मिटले, आणि भार्गवी औषध घेऊन आली तेव्हा त्याची गरज उरली नव्हती.

भेटायला माणसं येऊ लागली. आपल्याकडे भेटायला आलेला माणूस आधी मान हलवतो, मग चहा नको म्हणतो, मग चहा पितो आणि मग विचारतो, ‘शेवटी काही बोलले का?’ मला हे ओठांवरून ओळखता येऊ लागलं. काय सांगणार? माझ्या वडिलांनी मला काहीतरी सांगितलं, मी त्याला होकार दिला, आणि ते काय होतं मला माहीत नाही, असं सांगायचं? नाथाजींना म्हणालो, ‘तुमची आठवण काढली.’ सुभेदार कोसळून रडले. भजनी मंडळाला सांगितलं, ‘मंडळ बंद पडू देऊ नका, म्हणाले.’ हरणाबाईंना सांगितलं, ‘मांजरीला जपा, म्हणाले.’ साताऱ्याहून माझी धाकटी बहीण संयोगिता आली. तिने लग्न स्वतःच्या मनाने केलं होतं आणि त्यानंतर अण्णा तिच्याशी कधी धड बोलले नव्हते. ती माझे दोन्ही हात धरून विचारत होती. मी म्हणालो, ‘तुझंच नाव घेतलं. माझी पोर शहाणी निघाली, म्हणाले.’ ती कितीतरी वेळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

दहाव्या दिवशी घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना.

कावळे होते. झाडावर होते, पायरीवर होते, शेजारच्या पिंडावर तर तुटून पडत होते. आमच्याकडे मान वाकडी करून बघायचे आणि उडून जायचे. गुरुजी म्हणाले, ‘इच्छा राहिली असेल काही. शेवटी काय बोलले होते?’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग प्रत्येकाला आपापलं ठाऊक असल्यामुळे सगळे पुढे सरसावले. मंडळाचे अध्यक्ष हात जोडून मोठ्याने म्हणाले, ‘पंत, मंडळ चालू राहील!’ कावळा हलला नाही. हरणाबाई म्हणाल्या, ‘मांजर मी सांभाळते हो अण्णा!’ मंडळाचे अध्यक्ष हरणाबाईंकडे बघू लागले. नाथाजींनी सलाम ठोकला. ‘साहेब, शेवटच्या घडीला माजी याद काडलीसा, मी हाय!’ संयोगिता सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. मी नदीकडे बघायला लागलो.

नाथाजींनाच सुचलं. ‘आवं, साहेबांचा जीव त्या गाडीत हुता! पखवाज लावा!’ माझ्या हातातून किल्ली घेऊन ते पळाले, गाडी घाटाच्या तोंडाशी आणली, डिकी उघडली आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. घाट हादरला. पिंडावरचे तीळ थरथरून सांडले. झाडावरचे, पायरीवरचे, शेजारच्या पिंडावरचे असे झाडून सगळे कावळे उठले आणि नदीपलीकडे निघून गेले. शेजारचे शोकाकुल लोक आमच्या अंगावर धावून आले. किल्ली काढली तेव्हा घाटावर एक चिमणीसुद्धा नव्हती. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

मला ते बघवेना. वाळक्या गवताच्या कावळ्याने माझ्या वडिलांची समजूत घालायची! मी पिंडाजवळ गुडघे टेकले, वाकलो, आणि फक्त अण्णांना कळेल अशा बेताने पुटपुटलो, ‘अण्णा, मला ऐकू आलं नाही हो. तुम्ही काय म्हणालात?’

मान वर केली तर पलीकडे कपडे धुणारी बाई पिळा हातात धरून माझ्याकडे बघत होती. भांडायला आलेले लोक जागच्या जागी उभे होते. भार्गवीचा हात तोंडावर होता. मी पुटपुटलो नव्हतो. अण्णा मीठ मागायचे त्या आवाजात मी ओरडलो होतो. संयोगिता खाली पायरीवर बसली. गुरुजींनी दर्भाचा कावळा पिंडाला टेकवला.

परत येताना भार्गवीने गाडी चालवली. मी तिच्या शेजारी होतो. मागे अण्णांच्या जागेवर संयोगिता एकटीच बसली होती. अर्ध्या वाटेवर ती पुढे वाकली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बोलू लागली. आरशात मला तिचे ओठ दिसत होते. हळू बोलत होती, थांबत थांबत. शिव्या देत होती की माफ करत होती की नुसतंच काही विचारत होती, मला कळलं नाही. शिट्टी वाजत होती. भार्गवीचे डोळे भरलेले दिसले, म्हणजे तिला ऐकू येत होतं.

संयोगिता बोलायची थांबली आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिली.

‘बरं बरं,’ मी म्हणालो.

तिने खांद्यावरचा हात काढून घेतला.